दोन तळी आणि घोरणारा बैल

जुन्नर-आंबेगावला लोक किल्ले बघायला जातात, लेणी बघायला जातात, हंगामात द्राक्षं आणायला जातात. मी गोगलगायी आणायला गेले. हे आधीच सांगून टाकते. पुढे शिवनेरी येईल या आशेवर कुणी शेवटपर्यंत वाचलं, तर नंतर वाद नको.

माझं काम गोगलगायींच्या रक्ताचं आहे. गोड्या पाण्यात चकलीसारख्या चपट्या, वेटोळ्या शंखाची एक गोगलगाय असते. तळ्यात, पाटात, भातखाचरात, कुठेही सापडते. तिचं रक्त आपल्यासारखं लाल असतं. तिच्यात एक जंत वाढतो. तो तिच्यातून बाहेर पडतो, पाण्यात उभ्या असलेल्या जनावराच्या कातडीतून आत शिरतो आणि फिरत फिरत त्याच्या नाकातल्या शिरांमध्ये बिऱ्हाड करतो. नाक आतून सुजतं, श्वास कोंडतो आणि जनावर घोरायला लागतं. झोपेत नव्हे. भर दुपारी, उभ्या उभ्या, वैरण खाताना.

काही गोगलगायी आत आलेल्या जंताला मारून टाकतात आणि काही त्याला पोसतात. हा फरक रक्तातल्या कशामुळे पडतो, एवढं एकच कोडं मी बरीच वर्षं सोडवते आहे. त्यासाठी पुण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत गोगलगायींची काचेची टाकी होती. गेल्या वर्षी उन्हाळ्यात एका शनिवारी खोलीचा एसी बंद पडला. सोमवारी टाकीतलं पाणी कोमट होतं आणि गोगलगायी सगळ्या तळाला होत्या. सहकाऱ्यांनी माझं सांत्वन केलं. घरी मुलीनं विचारलं, "आता नव्या आणायच्या ना?" सांत्वनापेक्षा हे बरं वाटलं.

दिवाळीच्या सुमारास विलासरावांचा फोन आला. विलासराव पशुवैद्य आहेत, आंबेगाव तालुक्यात मोटरसायकलवरून गावोगाव फिरतात आणि माझ्या भावाचे कॉलेजपासूनचे मित्र. ते म्हणाले की पश्चिमेला डोंगरात एक गाव आहे. गावाला दोन तळी, एक वरच्या वाडीचं, एक खालच्या वाडीचं. दोन्हीत त्याच वेटोळ्या गोगलगायी. पण खालच्या वाडीची निम्मी गुरं घोरतात आणि वरच्या वाडीचं एकही घोरत नाही. मी म्हटलं, मी येते. ते म्हणाले, "लवकर या. गावानं येत्या रविवारी दोन्ही तळ्यांत मोरचूद टाकायचं ठरवलंय."

मोरचूद म्हणजे ते निळे खडे. द्राक्षबागेच्या फवाऱ्यात घालतात. पाण्यात विरघळलं की गोगलगायी मरतात, मासेही मरतात. मी त्याच आठवड्यात निघाले.

मंचर

मंचरला गाडी थांबली ती मी थांबवली म्हणून नाही. पुढे कांद्याचे ट्रक होते, मागे बटाट्याचे ट्रक होते आणि मधे हायवे होता. तेवढ्या वेळात मी उतरून गमबूट घेतले. दुकानदारानं विचारलं, गोठ्यासाठी का? म्हटलं, तळ्यात उतरायला. त्यानं मापाचे बूट काढले, दोऱ्यानं एकमेकांना बांधलेले होते तसेच कागदात गुंडाळून दिले. शेजारून थर्मोकोलची पेटी आणि बर्फ घेतला. बर्फवाल्याला वाटलं मी मासळी विकते. मी तसं वाटू दिलं, कारण खरं सांगायला ट्रक हलेपर्यंतचा वेळ पुरला नसता.

महाळुंगे पडवळ

मुक्काम विलासरावांच्या घरी होता. घरासमोर कांद्याची रोपं आणि मागे गोठा. विलासरावांच्या आईंनी मासवडी केली होती. मासवडीत मासा नसतो, बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण असतं, हे मला माहीत होतं. तरी आईंनी ते मला दोनदा सांगितलं, आणि वर तिखट रस्सा असा वाढला की मासा असता तरी कळलं नसतं.

जेवताना त्यांनी विचारलं, "गोगलगायी धरून काय करता?"

मी सांगायला लागले. जंताची पहिली अळी गोगलगायीला वासावर हुडकते, म्हणजे गोगलगाय पाण्यात जे काही सोडते त्याच्या मागावर येते. आत शिरताना अंगावरची केसाळ झूल उतरवून ठेवते. खाली तिच्या अंगावर साखर आणि प्रथिनं यांचा एक लेप असतो, आणि तो पुष्कळसा गोगलगायीच्या स्वतःच्या अंगासारखाच असतो. गोगलगायीच्या रक्तात पहारेकरी प्रथिनं असतात. त्यांचे नाना प्रकार. एखाद्या प्रकाराला तो लेप नेमका बसला, किल्ली कुलपाला बसावी तसा, की रक्तातल्या पेशी धावत येतात, अळीला चारी बाजूंनी वेढतात आणि तिच्यावर जंतुनाशक सोडतात. आपण जखमेवर फेसाळणारं औषध ओततो, जवळपास तेच. पण लेप कुणालाच बसला नाही, तर पेशी तिच्या शेजारून निघून जातात. शिवाय अळी स्वतः असं काही पाझरते की पेशींचा जोरच कमी होतो. मग गोगलगाय जगते खरी, पण अंडी घालणं बंद. खाल्लेलं सगळं जंताच्या पोरांना.

आई भाकरी थापता थापता थांबल्या होत्या. म्हणाल्या, "वळख पटली न्हाई म्हणून समदं घर गेलं."

मी हो म्हटलं. आमच्या विभागात हेच सांगायला मला अर्धा तास आणि पडदा लागतो.

मग त्यांनी विचारलं की घरच्यांना हे चालतं का. म्हटलं, चालतं. त्यांनी आणखी एक मासवडी वाढली. माझी त्यांना दया आली असावी.

खोडद

तुलनेसाठी सपाटीवरच्या गोगलगायीही हव्या होत्या, म्हणून दुसऱ्या दिवशी विलासराव मला जुन्नर तालुक्यात खोडदला घेऊन गेले. तिथं शेतांमध्ये प्रचंड जाळीदार तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. ताऱ्यांकडून येणाऱ्या लहरी ऐकतात. खाली मका, ऊस, कांदा.

खोडदच्या लोकांना शास्त्रज्ञांची सवय आहे, हा तिथला मोठा फायदा. दुसरीकडे पाटाच्या कडेला बाई चाळणी घेऊन वाकली की लोक जमतात. इथं एक शेतकरी मोटर चालू करायला आले, मला बघून म्हणाले, "दुर्बिणीवाल्या का?" म्हटलं, नाही, गोगलगायींवाली. "बरं," असं म्हणून त्यांनी मोटर चालू केली आणि ते गेले.

इथंच मी बुटांवरचा कागद सोडला आणि कळलं की दोन्ही गमबूट डाव्या पायाचे आहेत. उजव्या पायात डावा बूट घालून पाहिला. उभं राहता येत होतं, चालता येत नव्हतं. शेवटी डावा पाय बुटात आणि उजवा उघडा, अशी मी पाटाच्या साचलेल्या पाण्यात उतरले. काय होऊ शकतं हे मला माहीत होतं. पण इतक्या लांब आल्यावर काठावर उभं राहवत नाही.

गोगलगायी भरपूर मिळाल्या. त्या काचेच्या बरण्यांत घालून उन्हात ठेवल्या. ऊन लागलं की जंत लागलेल्या गोगलगायीतून शेपटीवाल्या अळ्या बाहेर पडतात, कारण गुरं पाण्यावर उन्हाच्या वेळीच येतात. थोड्या वेळात एका बरणीतलं पाणी किंचित गढूळ झालं. बरणी उजेडासमोर धरली तर त्यात बारीक ठिपके वरखाली करत होते. विलासरावांनी वर्षानुवर्षं या जंतावर इंजेक्शनं दिली आहेत. तो पोहताना पहिल्यांदाच बघितला. त्यांनी बरणी माझ्या हातातून घेतली आणि फिरवून पाहिली. मग म्हणाले, "फारच लहान आहे हो."

संध्याकाळपर्यंत माझा उजवा पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत लाल पुरळानं भरला. त्या अळ्या कातडीवरच्या तेलकटपणावरून जनावर ओळखतात आणि माणसाच्या बाबतीत फसतात. आत शिरतात आणि कातडीतच मरतात. चूक त्यांची, खाज मला. डाव्या पायाला काहीच झालं नाही. एक पाय बुटात, एक बाहेर, पाणी तेच: इतका नेटका प्रयोग मला प्रयोगशाळेतही क्वचित जमला आहे.

डोंगरात

घोडेगाव सोडलं की रस्ता डिंभ्याच्या धरणाच्या कडेकडेनं वर जातो. सपाटीवरचा कांदा मागे राहतो आणि खाचरं सुरू होतात. भाताची कापणी चालली होती. घरांपुढे पेंढ्या आणि हिरडे वाळत घातलेले. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या गुरांची बदनामी व्हायला नको, बाजारात त्यांना गिऱ्हाईक लागतं.

उतरायची सोय खालच्या वाडीत चिमाबाईंकडे होती. चिमाबाई पन्नाशीच्या, नवरा पुण्यात कंपनीत वॉचमन, शेती आणि गुरं त्या एकट्या बघतात. आम्ही ओट्यावर बसलो आणि घरातून घोरण्याचा आवाज आला. खोल, खरखरीत, लाकूड कापावं तसा. मी दबक्या आवाजात बोलायला लागले. कुणी म्हातारं माणूस झोपलं असेल, असं मला वाटलं.

"ती चांदी," चिमाबाई म्हणाल्या. "गाय हाय आमची. जागीच हाय."

चांदी पाच महिन्यांची गाभण होती. एवढी घोरणारी गाय पुस्तकात वाचलेली असणं वेगळं आणि तिच्यासमोर उभं राहणं वेगळं. नाकातून चिकट स्राव, डोळे ओले, प्रत्येक श्वासाला बरगड्या आत-बाहेर. मी इतकी वर्षं या रोगाच्या पहिल्या अर्ध्या भागात राहत होते, जो थेंबभर रक्तात घडतो. दुसरा अर्धा भाग माझ्यासमोर वैरण खायचा प्रयत्न करत होता, आणि त्याला घास आणि श्वास एकदम जमत नव्हते.

मला तिच्या नाकातला स्राव हवा होता, कारण जंताची अंडी त्यातच असतात. मी कापसाची काडी घेऊन वाकले. चांदी शिंकली. अंडी मिळाली. चष्म्यावर, कपाळावर आणि ओढणीवर मिळाली. चिमाबाईंनी तांब्याभर पाणी आणून दिलं आणि मान वळवून उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते.

त्या रात्री नाचणीची भाकरी आणि खाचरातल्या खेकड्यांचं कालवण होतं. पुण्यात पाहुण्याला आवडतं का विचारून वाढतात. इथं आधी वाढतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमाबाईंचे दीर बुधाजी आले. उंच, कृश, पन्नाशीचे. मोरचुदाचं पोतं त्यांनीच खालून आणलं होतं. त्यांच्या जोडीतला एक बैल, हौशा, आषाढात चिखलणी करताना खाचरात मधेच बसला आणि उठेना. श्वासच पुरेना. बुधाजींनी त्याला मारलं नाही, जू काढलं आणि त्याच्याशेजारी चिखलात बसून राहिले. हे मला चिमाबाईंनी सांगितलं. दुसऱ्याची जोडी मिळेपर्यंत लावणी लांबली आणि आता सगळ्यांची कापणी चालू असताना बुधाजींच्या खाचरात अर्ध्या लोंब्या पोकळ होत्या.

पहाटेच दोन्ही तळ्यांतून भरून आणलेल्या माझ्या बरण्यांकडे त्यांनी पाहिलं. "म्याडम, ह्या मारायला आल्यात का जगवायला?"

मी म्हटलं, अजून माहीत नाही. त्यांना ते उत्तर आवडलं नाही, आणि मलाही काही फार आवडलं नव्हतं.

माझी अडचण अशी होती. वरच्या तळ्यातल्या गोगलगायी खरोखरच जंताला मारणाऱ्या असतील, तर त्यांना मारणं म्हणजे आपलेच राखणदार मारणं. तळं काही रिकामं राहणार नाही. गुरांच्या खुरांना, बगळ्यांच्या पायांना चिकटून खालच्या खाचरांतल्या गोगलगायी वर्षभरात तिथं पोचतील, आणि त्या जंताला पोसणाऱ्या आहेत. मग वरची वाडीही घोरायला लागेल. पण हे सगळं "असतील तर" वर उभं होतं. वरची गुरं कदाचित तिथं जंतच पोचला नसल्यामुळेही बरी असतील. आणि रविवार परवावर आला होता.

चिमाबाईंच्या ओट्यावर मी सूक्ष्मदर्शक मांडला. गाडीच्या बॅटरीवर त्याचा दिवा चालला. चांदीचा स्राव ग्लासभर पाण्यात ढवळून उन्हात ठेवला. अंडी फुटली, अळ्या उजेडाच्या दिशेनं वर आल्या. त्या मी बरोबर आणलेल्या खारट द्रावात घेतल्या. त्यात अळीला वाटतं आपण गोगलगायीत पोचलो, आणि ती झूल उतरवते. मग दोन काचपट्ट्यांवर त्या ठेवल्या. एकीवर खालच्या तळ्यातल्या गोगलगायींच्या रक्ताचा थेंब, दुसरीवर वरच्या. झाकून, ओल्या फडक्यावर ठेवून दिल्या आणि आम्ही भात कापायला गेलो. मी कापलेला भात चिमाबाईंनी नंतर पुन्हा कापला.

उन्हं उतरताना पट्ट्या बघितल्या. आधी खालची. अळ्या ताज्या होत्या, हळूहळू आखडत-पसरत होत्या. रक्तपेशी इकडेतिकडे पसरलेल्या, बाजारात लोक एकमेकांना ओलांडून जातात तशा. मग वरची. पहिली अळी सापडायलाच वेळ लागला, कारण ती दिसत नव्हती. तिच्यावर पेशींचे थर होते. दुसरीवरही. तिसरी मधेच फाटली होती.

हे मी अनेकदा वाचलं होतं. दुसऱ्या जातीच्या गोगलगायींमध्ये, दुसऱ्यांनी काढलेल्या चित्रांत पाहिलंही होतं. आपल्या गोगलगायीत, आपल्या जंतावर, माझ्या डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पुन्हा नीट बघावं म्हणून चष्मा पुसायला मी पदर शोधला आणि आठवलं की मी साडी नेसलेली नाही.

चिमाबाईंना बोलावलं. त्यांनी एक डोळा मिटून बघितलं. खालची पट्टी बघून म्हणाल्या, "हिच्याकडं कुणी बघतच न्हाई." वरची बघायला आणखी वाकल्या. मग म्हणाल्या, "गुळावर माश्या बसल्याती तसं."

बुधाजींनीही बघितलं. मग ते गुरं बांधायला निघून गेले.

रविवारी सकाळी मारुतीच्या पारावर गाव जमलं. आमच्या सोसायटीत जिन्याला कोणता रंग द्यायचा यावर दोन वर्षं बैठका चालल्या आहेत. इथं चहा यायच्या आत मुद्द्याला हात घातला. मोरचुदाचं पोतं बुधाजींच्या पायाशी होतं. विलासरावांनी आधी सांगितलं की घोरणाऱ्या सगळ्या गुरांना ते इंजेक्शनं देतील, पण गुरं पुन्हा त्याच पाण्यात उभी राहिली तर पुन्हा तेच. मग मला बोलायला सांगितलं. मी जे पाहिलं ते सांगितलं आणि वरचं तळं तसंच राहू द्या म्हटलं.

बुधाजी उठले. आवाज चढवला नाही.

"तुमची गोगलगाय वाचंल," ते म्हणाले. "माजा बैल?"

मला आकडे माहीत होते, प्रथिनांची नावं माहीत होती. या प्रश्नाला त्यातलं काहीही लागत नव्हतं.

मी म्हटलं, "तुमच्या बैलाचं माझ्याकडे काही नाही. विलासरावांकडे औषध आहे. मी एवढंच सांगते की वरचं तळं मारलं तर वरच्या वाडीचे बैलही याच वाटेनं जातील. आणि तेही मी खात्रीनं सांगू शकत नाही. मी मूठभर गोगलगायी बघितल्यात, एक दिवस. खात्रीला काही वर्षं लागतील."

"वर्सं," बुधाजी म्हणाले, आणि खाली बसले.

वरच्या वाडीच्या लोकांना आपल्या तळ्यातले मासे जगलेले हवेच होते, त्यामुळे ते माझ्या बाजूनं बोलले. खालच्या वाडीच्या लोकांना माझा राग नव्हता, पण त्यांना काहीतरी केल्याशिवाय तिथून उठायचं नव्हतं, आणि ते मला पटत होतं. शेवटी ठरलं ते असं: वरचं तळं सोडायचं. खालच्यात मोरचूद टाकायचं. नंतर त्याला काट्यांचं कुंपण घालायचं आणि वरच्या झऱ्यावरून पाइप आणून गुरांना दगडी डोणीत पाणी पाजायचं.

खालचं तळं मारताना मी मदत केली. आधी सगळ्यांनी मिळून जाळ्यांनी सापडतील तेवढे मासे काढले, मग बुधाजींनी फडक्यात बांधलेले खडे काठीला लावून पाण्यातून फिरवले. पाणी निळसर झालं. ते शांतपणे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत होते. हौशा काठावर दूर बांधलेला होता आणि त्याचा श्वास आम्हाला ऐकू येत होता.

निघताना चिमाबाईंनी मला हिरडे दिले, खोकल्याला. थर्मोकोलच्या पेटीत वरच्या तळ्यातल्या जिवंत गोगलगायी होत्या. मंचरला ट्रक तसेच होते. गमबूटवाल्याकडे बूट परत करायला गेले. तो म्हणाला, दुसरं गिऱ्हाईक दोन उजवे घेऊन आलं होतं, आधी आला असतात तर भेट झाली असती.

पुढचा कार्तिक

नंतरचं सगळं मला फोनवर कळत गेलं. इंजेक्शनांनी बरीच गुरं सुधारली. चांदी सुटसुटीत व्याली, कालवड झाली. हौशा मात्र माघात गेला. त्याला औषध दिलं होतं, पण फुप्फुसं आधीच थकली होती, असं विलासराव म्हणाले. बुधाजींनी त्याला आपल्याच खाचराच्या कडेला पुरलं.

मी बुधाजींना फोन केला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्याडम, एक सांगायचं व्हतं. वरच्या तळ्यातल्या गोगलगायी मी खालच्या तळ्यात आनून सोडल्या."

मी विचारलं, कधी? तर पाणी निवळल्यावर, रोज थोड्या थोड्या, वरून येताना.

"पण अजून काही सिद्ध झालेलं नाही," मी म्हटलं.

"तुमाला वर्सं लागत्यात," ते म्हणाले. "लागू द्या. तळं रिकामं ठिवून काय करू?"

असा प्रयोग मला करायचा असता तर किती परवानग्या लागल्या असत्या, याचा मी विचार केला आणि मग सोडून दिला. प्रयोगशाळेत वरच्या तळ्याच्या गोगलगायींची पिल्लं वाढत होती. त्यांच्या रक्तात एक पहारेकरी प्रथिन सापडलं आहे, ते खोडदच्या गोगलगायींत फारसं दिसत नाही. तेच काम करतं की नाही, ते अजून कळलेलं नाही.

पावसाळ्यात कुंपणाचे काटे वाहून गेले. पुन्हा कुणी लावले नाहीत. गुरं खालच्या तळ्यात उतरायला लागली, आणि चांदीची कालवड दिवस दिवस पाण्यात उभी राहायची. विलासरावांनी हे मला सांगितलं तेव्हा मला झोप लागेना. तिला आयुष्यात कधी औषध दिलेलं नव्हतं, म्हणजे बुधाजींनी सोडलेल्या गोगलगायींची खरी परीक्षा तिच्याच नाकात होती. जंत लागायचा असता तर एव्हाना तिच्या नाकात अंडी दिसली असती. म्हणून कार्तिकात मी पुन्हा गेले.

बुधाजींच्या खाचरात या वर्षी शेजाऱ्याच्या जोडीनं वेळेवर चिखलणी झाली होती. लोंब्या वाकलेल्या होत्या. ते बांधावरून उतरून आमच्याबरोबर चिमाबाईंच्या गोठ्याकडे आले. विलासरावांनी कालवडीचं डोकं धरलं. ती शिंकली नाही. मी तिच्या नाकातला स्राव काढला, काचपट्टीवर पसरला आणि ओट्यावर बसून बघायला लागले. एका कोपऱ्यातून सुरू करून ओळीनं, शेत नांगरतात तसं, पट्टीच्या दुसऱ्या टोकापर्यंत. मग दुसरी पट्टी. मग तिसरी.

एक कालवड म्हणजे पुरावा नव्हे. एक नाक, तीन पट्ट्या, एक पावसाळा. हे सगळं मला माहीत होतं आणि तरी मी बघत राहिले.

चिमाबाई हातातलं काम टाकून शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "काय दिसतंय?"

"काहीच नाही. एकही अंडं नाही," मी म्हटलं.

"मंग येवडा येळ काय बघताय?"

मी बाजूला सरकले. त्या खाली बसल्या, एक डोळा मिटला आणि सूक्ष्मदर्शकात बघायला लागल्या. मी वाट बघितली. बुधाजीही त्यांच्या मागे येऊन उभे राहिले. ते म्हणाले, वहिनी, झालं का, मला बघू द्या. पण त्या लवकर उठल्या नाहीत.